पाळी चुकली म्हणजे पाळी गेली नव्हे



आपल्या या अंकात नेहमीप्रमाणे लागणीच्या नोंदी, बेण्याची निवड आणि खताच्या मात्रा यांवरचा मजकूर आहेच. त्याच्या शेजारी आज आम्ही एक वेगळा विषय मांडत आहोत. चाळिशी ओलांडलेल्या, पाळी जाण्याच्या वाटेवर असलेल्या बहिणींनी दिवस राहू नयेत म्हणून काय करावे, हा तो विषय. वाचून काही जणींना संकोच वाटेल. बंधूंना वाटेल, हे पान आपल्यासाठी नाही. पण बंधूंनी पान उलटू नये, अशी आमची विनंती आहे. या पानावर त्यांचेही काम आहे.

हा विषय घ्यायचे कारण सांगतो. गेल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात डॉक्टरबाईंचे व्याख्यान ठेवले होते. विषय होता रक्त कमी असण्याचा. व्याख्यान संपले, वाण लुटून झाले, बायका पांगल्या. एक बाई मात्र मागे थांबल्या. वय ४५. आम्हांला म्हणाल्या, "माझं नाव घालू नका, पण हे पेपरात लिहा. माझ्यासारखं दुसरीचं होऊ नये."

त्यांची हकीकत अशी. त्रेचाळिसाव्या वर्षी त्यांनी तांबी काढून टाकली. शेजारीण म्हणाली होती, "आता कशाला ठेवायची? आता कशाचं दिवस राहत्यात?" पुढे पाळी मागेपुढे होऊ लागली. कधी दीड महिन्याने, कधी अडीच महिन्यांनी. मग चार महिने आलीच नाही. त्यांना वाटले, सुटलो. सासूबाईंनाही याच वयात पाळी गेली होती. पोट जड वाटू लागले तेव्हा त्या गॅसचे औषध घेत राहिल्या. शेवटी दवाखान्यात गेल्या तेव्हा पाच महिने उलटून गेले होते. गर्भपातासाठी कायद्याने ठरवलेली मुदत त्यांच्या बाबतीत संपली होती. त्याच वेळी घरात सूनबाईला सातवा महिना होता.

"सुनेचं डोहाळजेवण मी पदर घट्ट ओढून वाढलं," असे त्या म्हणाल्या तेव्हा आमच्यापैकी कोणालाच काही बोलता आले नाही. पुढे त्यांचे ब्लडप्रेशर वाढले, आठव्या महिन्यात सिझेरियन करावे लागले. मायलेकरे वाचली. आज आजी आणि नात असे म्हणावे तर नाही, आत्या आणि भाची अशा दोन मुली एकाच अंगणात रांगतात. "पोरीचं मला काही नाही," त्या म्हणाल्या. "पोर गुणाची आहे. पण मला कुणी आधी सांगितलं असतं, तर मी तांबी काढली नसती. एवढंच."

म्हणून हे सांगणे.

मोजणी कशी करायची

पाळी एका दिवसात जात नाही. चाळिशीनंतर बीजांड तयार होण्याचे काम अनियमित होऊ लागते. एखाद्या महिन्यात बीज तयार होत नाही, पुढच्या महिन्यात होते. म्हणून पाळी कधी लवकर, कधी उशिरा, कधी थेंबभर तर कधी गुठळ्या पडेपर्यंत येते. ही स्थिती काही वर्षे चालते. या काळात दिवस राहण्याचा संभव तरुणपणापेक्षा कमी असतो, हे खरे. पण कमी म्हणजे नाही असे नव्हे. शेवटची मोळी गव्हाणीत पडेपर्यंत कारखान्याचा हंगाम संपला असे आपण म्हणत नाही, तसेच हे आहे.

मग हंगाम संपला हे ओळखायचे कसे? त्याचा साधा हिशेब असा :

वय ५० च्या आत असेल, तर शेवटच्या पाळीनंतर सलग दोन वर्षे पाळी आली नाही, तरच साधन सोडावे.

वय ५० च्या पुढे असेल, तर सलग एक वर्ष पाळी आली नाही, की साधन सोडावे.

आपल्याकडे बहुतेक बायकांची पाळी सरासरीने ४६-४७ च्या सुमारास जाते. म्हणजे आपल्यापैकी पुष्कळ जणींना एक नव्हे, दोन वर्षांचा हिशेब लागू पडतो. मध्ये एकदा जरी पाळी आली, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. वय ५५ झाले, की बहुतेक सर्वच बायकांना साधनाची गरज उरत नाही.

भिंतीवरच्या कालनिर्णयावर आपण दुधाचे खाडे मांडतो. तशीच पाळीच्या तारखेला एक खूण करावी. डॉक्टरांनी विचारले तर अंदाजाने सांगावे लागत नाही.

कोणते साधन कोणाला

डॉक्टरबाईंना आम्ही पुन्हा बोलावून घेतले आणि एकेका साधनाबद्दल विचारले. त्यांनी जे समजावून सांगितले ते आमच्या शब्दांत देत आहोत. प्रत्येकीची प्रकृती वेगळी, म्हणून शेवटचा निर्णय तपासणीनंतरच घ्यावा.

आपल्या भागात पुष्कळ बहिणींचे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन आधीच झालेले असते. त्यांना वेगळे काही करायला नको. हजारात चार-पाच जणींच्या बाबतीत पहिल्या वर्षी हे ऑपरेशन अपयशी ठरते, आणि पुढेही क्वचित तसे होते. म्हणून ऑपरेशन झालेल्या बाईची पाळी चुकली आणि मळमळ, पोटात एका बाजूला दुखणे असे काही असेल, तर "माझं तर ऑपरेशन झालंय" म्हणून घरी बसू नये. अशा वेळी गर्भ नळीत राहिलेला असण्याचा धोका असतो.

ज्यांचे ऑपरेशन झालेले नाही, त्यांच्यासाठी तांबी हे सोयीचे साधन आहे. एकदा बसवली की रोजची आठवण ठेवावी लागत नाही. ३८० ए ही तांबी १० वर्षे चालते. चाळिशीनंतर बसवलेली तांबी डॉक्टरांच्या सल्ल्याने पाळी जाईपर्यंत ठेवता येते. म्हणजे ४१-४२ व्या वर्षी एकदा बसवली, की बहुधा प्रश्न मिटला. तीत हार्मोन नसल्याने पाळीची मोजणीही बिघडत नाही. मात्र तांबीमुळे अंगावरून थोडे जास्त जाते. ज्यांना आधीच जास्त जाते, रक्त कमी आहे, त्यांनी बसवण्यापूर्वी तसे सांगावे. आणि एक गोष्ट विसरू नये : पाळी गेल्यावर तांबी काढून घ्यायची असते. वीस-वीस वर्षे तांबी आत विसरलेल्या बायका दवाखान्यात येतात, असे डॉक्टरबाईंनी सांगितले.

तांबीसारखेच, पण आतून थोडे थोडे हार्मोन सोडणारे साधनही आता मिळते. दिवस राहू नयेत हे काम ते करतेच, शिवाय अंगावरून जाणे पुष्कळ कमी करते. या वयात जास्त रक्तस्रावाने बेजार झालेल्या बायकांना त्याचा दुहेरी उपयोग होतो. पिशवी काढण्याची वेळ त्यामुळे टळू शकते. खर्च मात्र साध्या तांबीपेक्षा बराच जास्त. तो आधी विचारून घ्यावा.

गोळ्यांचे दोन प्रकार ध्यानात ठेवावेत. माला-एन ही रोजची गोळी. तिच्यात दोन हार्मोन असतात. पस्तिशीनंतर विडी-सिगारेट ओढणाऱ्या बाईने ती घेऊ नये. ब्लडप्रेशर, हृदयविकार, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असणे, डोळ्यांपुढे काजवे चमकून होणारी अर्धशिशी, जुना मधुमेह, यांपैकी काही असेल तरीही घेऊ नये. चाळिशीनंतर मनाने किंवा शेजारणीचे पाकीट घेऊन ही गोळी सुरू करणे धोक्याचे आहे. आधी ब्लडप्रेशर मोजून घ्यावे. पन्नाशीनंतर ती बंद करावी.

दुसरी गोळी 'छाया'. ही लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधून काढलेली, आपल्या देशातली गोळी. तीत हार्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे आठवड्यातून एकदा घ्यायची. वार ठरवून घेतला की चुकत नाही. हिच्यामुळे पाळी लांबते, म्हणून "पाळी गेली" असा गैरसमज होऊ शकतो. यकृताचा आजार किंवा बीजकोशात गाठी असतील तर ती घेत नाहीत.

'अंतरा' हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचे. २०१७ पासून ते सरकारी दवाखान्यांत मिळू लागले. पण त्याने हाडे काहीशी विरळ होतात, आणि पाळी जाण्याच्या वयात हाडे तशीही झिजू लागतात. म्हणून पंचेचाळिशीनंतर डॉक्टरांशी नीट बोलूनच ठरवावे.

गोळी, इंजेक्शन किंवा हार्मोनचे साधन चालू असताना वर दिलेला वर्ष-दोन वर्षांचा हिशेब चालत नाही, कारण पाळी येणे-न येणे हे त्या औषधावर ठरते. अशा बायकांनी कधी थांबायचे ते डॉक्टरांना विचारावे.

आता बंधूंसाठी

निरोध हे सर्वांना माहीत असलेले साधन. सरकारी दवाखान्यात ते मोफत मिळते. दर वेळी न चुकता वापरले तर या वयात ते पुष्कळसे पुरेसे ठरते. लैंगिक संबंधांतून होणाऱ्या रोगांपासूनही तेच वाचवते.

पण आम्हांला जास्त बोलायचे आहे ते पुरुषांच्या नसबंदीविषयी. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांचे कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झालेले आढळले. नवऱ्याची नसबंदी झाली आहे असे सांगणाऱ्या निघाल्या ०.३ टक्के. म्हणजे शंभरात एकही नाही. बाळंतपण तिने सोसायचे, ऑपरेशन तिनेच करायचे, तांबी तिनेच बसवायची, आणि आपण काय करायचे, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा.

आता बिनटाक्याची नसबंदी होते. जागा बधिर करून पंधरा-वीस मिनिटांत काम होते आणि त्याच दिवशी घरी येता येते. एक-दोन दिवस विश्रांती, आठवडाभर जड ओझे नको. नंतर ट्रॅक्टर चालवा, पाण्याची पाळी द्या, पहिल्यासारखे सारे करता येते. "ताकद जाते" हा निव्वळ गैरसमज आहे. शक्ती कमी होत नाही, पुरुषत्वही जात नाही. मात्र ऑपरेशननंतर तीन महिने निरोध वापरून मग वीर्याची तपासणी करून घ्यावी. तपासणीत शुक्रजंतू नाहीत असे ठरल्यावरच निर्धास्त व्हावे.

बायकोचे वय ४४-४५ आहे, प्रश्न पुढच्या पाच-सहा वर्षांचा आहे, आणि त्यासाठी तिच्या पोटाचे ऑपरेशन करायचे का, याचा विचार नवऱ्याने करावा. त्यापेक्षा त्याची नसबंदी किंवा तिची तांबी हे कमी त्रासाचे मार्ग आहेत.

कशावर विसंबू नये

पाळीचे दिवस मोजून संबंध टाळणे या वयात उपयोगाचे नाही. पाळीच मागेपुढे होते, मग सुरक्षित दिवस कुठून मोजणार? "मी सांभाळतो" या नवऱ्याच्या शब्दावरही विसंबू नये. अंगातून वाफा येणे, रात्री घामाने भिजणे यांसाठी डॉक्टर कधी हार्मोनच्या गोळ्या देतात. त्या गोळ्या दिवस राहू नयेत म्हणून नसतात, हेही ध्यानात ठेवावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे : पिशवी काढणे हे कुटुंबनियोजनाचे साधन नव्हे.

हे आम्ही ठासून सांगतो, कारण हा विषय ऊसधंद्याच्या दारातला आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जातात, हे २०१९ साली उघडकीस आले. राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत खाडा पडतो, खाडा पडला की पैसे कापले जातात, फडात ना आडोसा ना पाणी. अशात कोणी म्हणाले, "आता पोरं झाली, पिशवीचं काय काम, ठेवली तर कॅन्सर होईल," की भीतीपोटी बाई तयार होते. त्या बहिणी ज्या फडात राबल्या तो ऊस आपल्यासारख्या सभासदांचाच असतो. म्हणून हा प्रश्न दुसऱ्या जिल्ह्याचा म्हणून आपल्याला सोडता येणार नाही.

पिशवी काढावी लागण्याची खरी कारणे असतात. पण ती ठरवण्याआधी सोनोग्राफी, गरज पडल्यास आतल्या अस्तराची तपासणी आणि औषधोपचार झालेले असावेत. शक्य असेल तर दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावे. पिशवीबरोबर बीजकोशही कमी वयात काढले तर पाळी जाण्याचे सारे त्रास एकदम सुरू होतात, हाडे ठिसूळ होतात, हृदयाला धोका वाढतो. नुसते पांढरे जाणे किंवा कमरेचे दुखणे हे पिशवी काढण्याचे कारण नव्हे.

चुकलेच तर

निरोध फाटला किंवा साधन नव्हते, तर ७२ तासांच्या आत तातडीची गोळी घ्यावी. जितकी लवकर तितकी चांगली. पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर ती याहून खात्रीची. पाळी चुकली, तर वय मोजत बसू नये, लघवीची तपासणी करावी. आशाताईंकडे 'निश्चय' नावाचा तपासणी संच असतो.

दिवस राहिलेच, तर दडवू नये. चाळिशीनंतरच्या गरोदरपणात गर्भपात आपोआप होणे, ब्लडप्रेशर आणि साखर वाढणे हे धोके जास्त असतात. बाळाला डाउन सिंड्रोम असण्याचा संभव चाळिसाव्या वर्षी सुमारे शंभरात एक, तर पंचेचाळिसाव्या वर्षी सुमारे तिसात एक इतका वाढतो. मूल हवे असेल तर लवकर नाव नोंदवून देखरेखीखाली राहावे. नको असेल, तर १९७१ च्या कायद्याने, २०२१ च्या दुरुस्तीसह, २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने मान्यताप्राप्त ठिकाणी गर्भपात करता येतो. काही ठराविक परिस्थितींत दोन डॉक्टरांच्या मताने ही मुदत २४ आठवड्यांपर्यंत जाते. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. नाव गुप्त ठेवणे दवाखान्यावर बंधनकारक आहे. गावठी उपाय आणि परस्पर आणलेल्या गोळ्या यांच्या वाटेला जाऊ नये.

आणखी एक इशारा. "पाळी जाताना असं होतंच" म्हणून बायका सारे अंगावर काढतात. वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा रक्त दिसले, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त गेले, तासातासाला घडी बदलावी लागली, तर लगेच तपासून घ्यावे. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची साधी तपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी आहे. तिचा लाभ घ्यावा.

शेवटी

र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले ते १९२१ साली. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून त्यांनी हा विषय मराठीत उघडपणे मांडला आणि त्यासाठी लोकांचा रोष पत्करला. त्याला शंभर वर्षे उलटून गेली. तरी आपल्या घरात एक बाई चार महिने गप्प राहते, कारण सुनेसमोर हा शब्द काढायचा कसा, हे तिला कळत नाही.

सुनेनेच सासूला विचारावे, मुलीने आईला विचारावे, आणि नवऱ्याने बायकोबरोबर दवाखान्यात जावे. बाहेर मोटारसायकलवर बसून वाट पाहू नये, आत येऊन डॉक्टरांचे ऐकावे. उपकेंद्रातल्या सिस्टर, आशाताई, ग्रामीण रुग्णालय, यांपैकी कोणाकडेही विचारायला पैसे पडत नाहीत.

त्या संक्रांतीच्या बाईंना हा लेख छापण्यापूर्वी आम्ही वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतला आणि एवढेच म्हणाल्या, "त्यात आणखी एक घाला. तांबी काढायच्या आधी विचारा म्हणावं. शेजारणीला नाही, डॉक्टरला."

ते आम्ही घातले आहे.